शाळेत नाव लागलं, पण दिवसभर पोरीला बघणार कोण?

कायद्याचा भाग आधी एका दमात सांगून टाकते, कारण या सगळ्यात तोच सोपा आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत फुकट शिक्षण, हे २००९ च्या आरटीईने, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने दिलं. २०१२ च्या दुरुस्तीत अपंग मुलं वंचित घटकात धरली गेली, म्हणजे प्रायव्हेट शाळांमधल्या त्या २५ टक्के जागांवर त्यांचाही हक्क लागला. मग आला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क दिला, तेही जवळच्या साध्या शाळेत की स्पेशल शाळेत हे मुलाच्या घरच्यांनी ठरवायचं. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेली शाळा अपंग आहे म्हणून अॅडमिशन नाकारू शकत नाही. झालं, कायदा संपला.

मग एवढं सगळं असून गोवंडी, मानखुर्द, धारावीच्या गल्ल्यांमध्ये सात-आठ वर्षांची मुलं दिवसभर खाटेवर का पडून असतात? पटावर नाव असतं बरं का त्यांचं. पुस्तकं घरी आलेली असतात. पोरगी मात्र घरातच.

याचं उत्तर शोधायला घड्याळ बघावं लागतं. समजा एक आई आहे, चेंबूरला तीन घरची धुणीभांडी करते, नवरा नाक्यावर उभा राहतो, मिळालं तर काम. पोरीला सीपी आहे, सेरेब्रल पाल्सी, चालता येत नाही, बसायला आधार लागतो, बोलणं अस्पष्ट पण समज चांगली. आई सकाळी सातला निघते, दोन-तीनला परत येते. शाळा सकाळची, दुपारी बाराच्या आसपास सुटणार. आता बघा, पोरीला उचलून शाळेत कोण नेणार, मधे सू लागली तर कोण नेणार, डबा कोण भरवणार, शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत कोण सांभाळणार? शाळा 'नाही' म्हणत नाही, हल्ली कोणीच सरळ 'नाही' म्हणत नाही. शाळा म्हणते, "घेतो ना आम्ही, फक्त मम्मीने इथे बाहेर बसून राहायचं." हे एक वाक्य म्हणजे महिन्याचा पगार गेला. दोन-तीन आठवडे आई बसते, मग कामावरून फोन यायला लागतात, मग शाळा आठवड्यातून दोनदा होते, मग परीक्षेपुरती, मग नावापुरती. कायदा कुणी मोडला? कुणीच नाही.

म्हणून मला वाटतं की गरीब वस्तीत अपंग मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न वर्गात सुरूच होत नाही. तो सुरू होतो मुलाला सुरक्षित ठेवणारं, वेळेवर भरवणारं, आई कामावरून येईपर्यंत उघडं असणारं ठिकाण आहे का, इथून. ते नसेल तर रॅम्प बांधा, पुस्तकं ब्रेलमध्ये छापा, काय वाट्टेल ते करा, मूल त्या रॅम्पपर्यंत पोचतच नाही. आणि गंमत म्हणजे कायद्यात नेमकी हीच जागा मोकळी आहे. दोन्ही कायद्यांत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. सहाच्या आधीच्या पूर्वप्राथमिकबद्दल आरटीई एवढंच म्हणतो की सरकार व्यवस्था करू शकेल. करू शकेल, म्हणजे नाही केली तरी चालेल. पाळणाघराचं म्हणाल तर २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या कामाच्या जागी कर्मचारी किती, तर ती एकटी.

आता सहाच्या आधीच्या वर्षांचं एवढं का महत्त्व ते सांगते, कारण 'लहान आहे अजून, होईल ठीक, आमच्याकडे पण एक उशिराच बोललेला' हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. सीपीमध्ये काय होतं, तर जन्माच्या आधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लगेच मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते. बाळ फार लवकर जन्मलं, जन्मल्यावर रडलं नाही, कावीळ डोक्यात गेली, अशी कारणं असतात. ती इजा पुढे वाढत नाही, जेवढी झाली तेवढीच राहते. पण शरीर वाढत राहतं ना. स्नायू सतत ताठ राहिले की हाडं वाढतात आणि स्नायू त्यांच्या मागे पुरत नाहीत, मग टाच खाली टेकेनाशी होते, गुडघा सरळ होईनासा होतो, खुबा सरकायला लागतो. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला नीट बसवलं, उभं केलं, रोज हातपाय मोकळे केले तर जे वाचलं असतं त्यासाठी आठव्या वर्षी ऑपरेशन लागू शकतं. ऐकू न येणाऱ्या बाळाचंही तसंच, भाषा शिकायची मेंदूची सगळ्यात जोरदार वर्षं पहिली पाच, आणि त्या काळात कानाचं मशीन किंवा खुणांची भाषा यातलं काहीच मिळालं नाही तर मूल मुकं नसूनही भाषेशिवाय वाढतं.

भरवण्याचंच बघा. वस्तीत सीपीच्या मुलांना बहुतेक घरी मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवतात, कारण मूल बसतच नाही आणि तान्ह्याला असंच भरवत आलोय. मान मागे गेली की घास आणि पाणी श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो, मूल खोकतं, छातीत खरखर राहते, वर्षातून तीन वेळा न्यूमोनिया होतो, आणि घरचे म्हणतात हिची तब्येतच नाजूक. नाजूक नाही हो, पोझिशन चुकतेय! पाठ सरळ, कंबर मागे टेकलेली, पाय खाली टेकलेले, हनुवटी किंचित खाली, भरवणारी समोर आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसलेली, चमचा छोटा, पाण्यापेक्षा घट्ट पेज किंवा घट्ट वरण. एक घास गिळला गेला की मग दुसरा, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. खुर्ची महागाचीच हवी असं नाही. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींच्या मधे बसवून बाजूला टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या तरी पाठ धरली जाते (हे सगळं एकदा थेरपिस्टकडून बघून घ्यायचं, प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, मी लिहिलंय म्हणून लगेच करू नका). हे ज्या बाईला एकदा नीट शिकवलं ती दुसरीला शिकवते, आणि मूल दोन महिन्यांत अंगाने भरायला लागतं.

यासाठीच मी डे-केअरला 'पोरं सांभाळणे' म्हणायला तयार नाही. चांगलं डे-केअर म्हणजे काय, तर सकाळी मूल आलं की आधी त्याला योग्य पद्धतीने बसवणं, उभं राहायच्या फ्रेममध्ये थोडा वेळ उभं करणं, नाश्ता वर सांगितला तसा, मग गाणी-गोष्टी इतर मुलांसोबत, ठरलेल्या वेळी टॉयलेटला बसवणं, फिटचं औषध असेल तर ते घड्याळाप्रमाणे देणं, दुपारची झोप. यात थेरपी कुठे आहे? सगळीकडे आहे. आठवड्यातून एकदा सायनला किंवा परळला नेऊन अर्धा तास फिजिओ केली तर बाकीचे साडेसहा दिवस मूल परत तसंच पडून. शिवाय त्या अर्ध्या तासासाठी आईचा अख्खा दिवस जातो, पंधरा-वीस किलोचं पोर कडेवर घेऊन बसमध्ये चढता येत नाही म्हणून टॅक्सी, केस पेपरची लाईन, थेरपिस्ट चांगले असतात पण पेशंट ढीगभर, आणि घर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सात मजली बिल्डिंगीत असलं, लिफ्ट बंद असेल तर पाचव्या मजल्यावरून उतरणं वेगळंच. हॉस्पिटलची गरज नाही असं मी म्हणत नाहीये, मुंबईत हाजीअलीचं अखिल भारतीय पुनर्वसन केंद्र आहे, बांद्र्याला श्रवणदोषांसाठी अली यावर जंग संस्था आहे, परळला वाडिया आहे, तपासणी आणि प्लॅन तिथूनच करून घ्यायचा. पण तो प्लॅन रोज अंमलात आणायची जागा वस्तीतच हवी, घरापासून चालत पाच मिनिटांवर.

ही काही नवी कल्पना नाही. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, त्यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना सीपी असल्यामुळे. हीच संस्था आता 'अडॅप्ट' नावाने ओळखली जाते. सुरुवात स्पेशल शाळेने झाली, पण पुढे अलूर यांनी लंडन विद्यापीठात पीएचडी केली ती नेमकी या प्रश्नावर, की लहान मुलांसाठी एवढी मोठी सरकारी अंगणवाडी योजना असताना अपंग मुलं तिच्या बाहेर कशी राहिली. योजनेत 'सगळी मुलं' लिहिलेलं, प्रत्यक्षात अपंग मूल त्यात कुणी मोजलंच नाही. नंतर या संस्थेने मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांत अपंग आणि इतर मुलं एकत्र बसवायचं काम केलं. पाळणाघराच्या बाजूला मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्थाही १९७२ पासून बांधकामाच्या साइटवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवतेय. म्हणजे गरीब आईच्या कामाच्या वेळेत मूल नीट ठेवता येतं हेही पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवलेलं आहे. फक्त या दोन गोष्टी एका छताखाली आल्या नाहीत, अपंगांचं खातं वेगळं, पाळणाघराचं वेगळं, शिक्षणाचं वेगळं, आणि आरोग्याचं तर विचारूच नका.

सरकारने हे जोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याला सगळे आरबीएसके म्हणतात, त्याची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून झाली होती. डॉक्टरांचं पथक अंगणवाडी आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतं, जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टींसाठी, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतं. त्या केंद्रांना डीईआयसी म्हणतात, बहुतेक जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतात. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला. त्यात तीन पायऱ्या आहेत, आधी लवकर ओळखायचं, मग अंगणवाडीत सामावून घ्यायचं आणि घरच्यांना हाताशी धरायचं, आणि गरज असेल तर आशाताई आणि आरबीएसकेच्या टीममार्फत पुढे पाठवायचं. कागदावर हे मला मनापासून आवडतं. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत, एवढं जाळं कुठल्या एनजीओच्या बापाला जमणार नाही.

पण सेविकेच्या जागी उभं राहून बघा. दहा बाय बाराची भाड्याची खोली, तीस पोरं, सोबत एक मदतनीस, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरायचा, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा शिधा वाटायचा, लसीकरणाचा दिवस, मधेच सर्व्हे. त्यात फिट येणारं मूल घ्यायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो, आणि तो खोटा नाही. तिला कुणी शिकवलंच नाही की फिट आली तर करायचं काय. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं लागण्यासारखं सामान बाजूला करायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागोमाग एक आली तर सरळ हॉस्पिटल. एवढं ट्रेनिंग तासाभरात होतं. ते झालं आणि मूल कुठलं औषध किती वाजता घेतं हे भिंतीवर लिहिलेलं असलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी जाते ती जास्तीच्या दोन हातांनी. दुसरी मदतनीस दिल्याशिवाय 'सामावून घ्या' म्हणणं म्हणजे सेविकेला सरळ संकटात टाकणं आहे, आणि याबाबतीत मी शंभर टक्के सेविकांच्या बाजूने आहे. केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये पाळणा नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, वेगळी कामगार बाई देऊन. मला विचाराल तर अपंग मुलांसाठी सगळ्यात कामाची योजना हीच होऊ शकते, तिच्या नावात अपंग हा शब्द नसला तरी.

आता शाळेचं. मूल सहाचं झालं, डे-केअरमध्ये बसायला शिकलं, सू लागली की खूण करायला शिकलं, इतर पोरांची सवय झाली. हे मूल पहिलीत गेलं तर शिक्षिकेला पहिल्या दिवशी घाम फुटत नाही. पण समावेशक शिक्षण म्हणजे मूल वर्गात नुसतं बसवणं नाही हे पण सांगायला हवं, मी अशा वर्गांमध्ये गेलेय जिथे पोरगं शेवटच्या बाकावर खडू चघळत बसलंय आणि रजिस्टरला शंभर टक्के हजेरी. कायद्याची व्याख्या स्पष्ट आहे, अपंग आणि इतर मुलं एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत त्यांना झेपेल अशी बदललेली असते. दुसरा भाग सगळे विसरतात.

बदललेली म्हणजे कशी, तर चौथीत अपूर्णांक चाललेत. वर्ग ३/४ आणि १/२ ची बेरीज करतोय. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ती आज येणार नाही, कदाचित कधीच नाही. पण त्याच धड्यात तो भाकरीचे चार सारखे तुकडे करून चार मुलांना वाटू शकतो, 'अर्धं' आणि 'सगळं' ओळखू शकतो, आणि त्याने केलेल्या तुकड्यांवर बाकीचा वर्ग बेरीज शिकू शकतो. धडा तोच, ध्येय वेगळं. त्याच्या परीक्षेत पण तेच विचारायचं जे त्याला शिकवलंय. सीपीच्या मुलीला उत्तर माहितीये पण लिहायला वेळ लागतो, तर तिला तोंडी विचारा, पर्यायावर बोट ठेवू द्या, बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा जादा वेळ आणि लेखनिक मिळतो की. कमी दिसणाऱ्याला पुढे, खिडकीचा उजेड पाठीमागून येईल असा बसवा. यातल्या अर्ध्या गोष्टींना पैसाच लागत नाही.

हे सगळं शिक्षिकेला सुचवायला, मुलाचा प्लॅन करायला विशेष शिक्षक लागतो. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे केसमध्ये याचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्राने ते बांधून दिलं, पहिली ते पाचवीत १० अपंग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत १५ मुलांमागे एक. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हे शिक्षक कंत्राटी होते, दर वर्षी मुदतवाढीची वाट बघायची. २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक याप्रमाणे ४८६० पदं मंजूर करायचा निर्णय घेतला. चांगली गोष्ट आहे, पण एका केंद्रात दहा-बारा शाळा येतात, गावाकडे तर वाड्यावस्त्यांवर पसरलेल्या, मग एका शाळेत हा शिक्षक आठवड्यातून किती वेळा पोचेल याचा हिशोब तुम्हीच करा.

यातून निघालेली पळवाट म्हणजे गृह-आधारित शिक्षण. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकायचा पर्याय दिला. अगदी अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी तो हवाच, मान्य. पण नीट वाचा, तो मुलाच्या घरच्यांनी मागायचा पर्याय आहे, शाळेने ढकलायचा नाही. प्रत्यक्षात काय होतं, शाळेला जे मूल जड वाटतं त्याच्या नावापुढे 'होम बेस्ड' लिहिलं जातं, शिक्षक कधीतरी घरी येऊन तास-दीड तास बसतात, आणि आई परत तिथेच, घरात अडकलेली. पालकांनो, तुमच्या मुलासमोर हा शब्द आला तर लगेच सही करू नका, आधी विचारा की शाळेत येण्यासाठी काय कमी पडतंय ते लेखी द्या.

स्पेशल शाळेबद्दल पण दोन शब्द, कारण समावेशकवाले आणि स्पेशलवाले यांची जुंपलेली असते. मला यात टोकाची बाजू घ्यायची नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे दोस्त लागतात, साध्या शाळेत तो चाळीस जणांत एकटा असेल तर त्याला समावेश कसं म्हणायचं? पण स्पेशल शाळा तालुक्याला, नाहीतर हॉस्टेलला, म्हणजे सहा वर्षांचं पोर घरापासून लांब, आणि गरीब घरातल्या मुलीला तर पाठवतच नाहीत. जवळच्या शाळेचा मुद्दा गरिबांसाठी तत्त्वाचा नाही, गाडीभाड्याचा आहे.

गाडीभाड्यावरून पैशाकडे येऊ. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेत अपंग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साधनं हे त्यातून, आणि मुलींना महिना २०० रुपये असे १० महिने वेगळे. रिक्षाने रोज जायचं तर ३५०० रुपये दिवाळीपर्यंतसुद्धा पुरत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये १५०० वरून २५०० केली, त्याचा उपयोग होतो, पण त्याला ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. सीपी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधीची मेडिकल टेस्ट नाही, आणि त्यात थेरपीचा खर्चसुद्धा बसतो, जे साध्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. अट एवढीच की पावत्या जपून ठेवायच्या, खर्च आधी आपण करायचा आणि मग क्लेम. हातावर पोट असलेल्या घरात 'आधी आपण करायचा' इथेच गाडी अडते.

या सगळ्याच्या मुळाशी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ ला पिवळं, ८० आणि वर निळं. ऑनलाइन अर्ज होतो, तपासणीला सरकारी हॉस्पिटलमध्ये जावं लागतं. कार्डाच्या आधी आधार लागतं, आणि आधारच्या सेंटरवर खरा खेळ होतो. सीपीच्या मुलाची मूठच उघडत नाही, डोळे कॅमेऱ्यावर टिकत नाहीत, ऑपरेटर म्हणतो 'होत नाही, परत या'. बोटं आणि डोळे नोंदवता येत नसतील तर अपवादाची सोय आधारमध्ये आहे, ते ऑपरेटरला ठामपणे सांगायचं. आणि शक्य असेल तर मूल पाचचं व्हायच्या आत आधार काढून ठेवा, त्या वयात बोटांचे ठसे लागतच नाहीत, नंतर अपडेट करावं लागतं. पत्त्याचा पुरावा हा दुसरा अडथळा, भाड्याच्या खोलीचं अॅग्रीमेंट मालक देत नाही, अकरा महिन्यांनी घर बदलतं.

मोठ्या मुलांचं कुणी बोलत नाही म्हणून सांगते. मुलगी बारा-तेराची झाली, पाळी सुरू झाली की आई शाळा बंद करते, यात दोष आईचा नाही, शाळेत पॅड बदलायला कुणी बाई नाही आणि एकटी सोडायची तर भीती. इथेही उत्तर परत तेच, विश्वासाची मदतनीस. नॅशनल ट्रस्टच्या योजनांमध्ये १० वर्षांपर्यंत 'दिशा' आणि त्यापुढे 'विकास' अशी डे-केअरचीच रचना आहे, पण ती नोंदणीकृत संस्थेमार्फत चालते, म्हणजे वस्तीजवळ अशी संस्था असली तर. अठरानंतर तर सगळ्यांचेच हात वर, फक्त वर निरामयमध्ये सांगितलेल्या चार अपंगत्वांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करून ठेवायचा, कारण अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने आई आपोआप पालक राहत नाही, बँकेत गेल्यावर हे कळतं.

ज्यांना आपल्या गल्लीत काही सुरू करायचंय त्यांच्यासाठी एक जागा दाखवते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाअखेरीस घाईघाईत वाटला जातो, कुठे हजार-दोन हजार खात्यात, कुठे सगळ्यांना सारखीच सायकल, चालणाऱ्याला पण आणि बसताही न येणाऱ्याला पण. ग्रामसभेत किंवा वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना 'आमच्या मुलांना मदत मिळावी' असं मोघम लिहू नका, कारण मोघम अर्जाला मोघमच उत्तर मिळतं. लिहा की अमुक अंगणवाडीत सीपीची दोन आणि ऑटिझमचं एक अशी तीन मुलं आहेत, त्यांना सकाळी आठ ते संध्याकाळी पाच एक जास्तीची मदतनीस हवी, तिचं मानधन महिना इतकं, दोन कोपरा-खुर्च्या, एक उभं राहायची फ्रेम, टॉयलेटला पकडायचा दांडा. खाली मुलांचे यूडीआयडी नंबर आणि आयांच्या सह्या. पोच घ्या, आणि अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच टाका, मार्चमध्ये टाकलात तर सायकलच मिळणार.